आकडा आणि अनुभव : मधुमेहींच्या यंत्रविषयक अनुभवलेखनाची चिकित्सा

आत्मपर गद्याचा विचार करताना रोगानुभवाच्या लेखनाकडे आपल्या टीकेने फारसे लक्ष पुरविलेले नाही. गेल्या काही वर्षांत दंडावर चिकटविलेला शर्करामापक आणि कमरेला अडकविलेला इन्सुलिनचा पंप ही दोन यंत्रे मधुमेहींच्या नित्य जीवनात आली, आणि त्यांच्या संगतीत जगणाऱ्यांचे अनुभवकथनही त्याबरोबर वाढू लागले. या लेखनाचे मोल कोणत्या कसोटीने ठरवावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

ही कसोटी शोधण्यासाठी लोणावळ्याकडे वळणे उचित ठरेल. शरीराच्या आतील घडामोड यंत्राने मोजावी आणि तिचा अर्थ शब्दांत मांडावा, हा उद्योग तेथे पूर्वीच सुरू झाला होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाबमापकाच्या साहाय्याने दाखविले व त्या पोकळीला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पाऱ्याची पातळी किती उतरली हे यंत्राने सांगितले. परंतु त्या क्षणी साधक काय करीत होता हे ठाऊक नसते, तर तो आकडा मुका राहिला असता. त्या त्रैमासिकाची रचनाही बोधप्रद आहे. त्यात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकप्रिय असे निरनिराळे विभाग असत. मोजमाप आणि सामान्य वाचक यांच्यामध्ये एक दुवा लागतो, ही जाणीव त्या योजनेत स्पष्ट दिसते.

आज मधुमेहींच्या अनुभवलेखनात नेमका हा मधला विभागच ओस पडलेला आहे. एका बाजूस यंत्राची माहितीपुस्तिका वाटावी असे लेखन, तर दुसऱ्या बाजूस ‘यंत्राने मला नवे आयुष्य दिले’ अशी कृतज्ञतेची भावगद्ये. पहिल्यात मनुष्य नाही आणि दुसऱ्यात यंत्र नाही.

मावळातील भातलावणीचे उदाहरण घ्यावे. इन्सुलिनवर अवलंबून असलेला एखादा शेतकरी आषाढाच्या पावसात दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून लावणी करतो आणि रात्री इंद्रायणीचा भात जेवतो. दुसऱ्या एका दिवशी तो घरीच बसून असतो आणि तेवढाच भात जेवतो. पहिल्या दिवशी श्रमलेले स्नायू रक्तातील साखर ओढून घेत राहतात; हा परिणाम कित्येक तास टिकतो आणि मध्यरात्री साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी तीच साखर जेवणानंतर उंच चढते. मापक दोन्ही दिवसांच्या वक्ररेषा इमानाने काढतो, पण लावणी हा शब्द त्याला ठाऊक नाही. तो शब्द लिहिणे हे लेखकाचे काम आहे, आणि तो लिहिला गेला तरच त्या दोन रेषा वाचता येतात.

यंत्राच्या सांगण्यालाही मर्यादा आहेत. मापकाचा तंतू रक्तात नव्हे, तर त्वचेखालील पेशींमधल्या द्रवात असतो. त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटे मागे राहतो. झोपेत त्या दंडावर भार पडला तर तो खोटी घसरण दाखवितो. मध्यरात्री घंटा वाजते, घरातील सारे जागे होतात, आणि बोटाला सुई टोचून पाहावे तो साखर ठीक असते. या प्रसंगातील भीती, चिडचीड आणि सुटकेचा निःश्वास यांचे वर्णन म्हणजे अलंकार नव्हे. यंत्राविषयीचे ते ज्ञानच आहे.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. साखर ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक काळ राहावी, हे लक्ष्य २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी सुचविले. ही मार्गदर्शक मर्यादा आपल्या बोलण्यात येता येता परीक्षेचे गुण होऊन बसते. ‘काल मी नापास झालो’, ‘तुझी साखर वाईट आहे’ अशी वाक्ये सहज उच्चारली जातात. मापन येथे निवाडा बनते आणि रोगी आरोपी ठरतो. अशा भाषेत वाढणारे मूल आकडा लपवावयास शिकते. आणि लपविलेल्या आकड्यावर उपचार होत नाहीत.

पंपाविषयीच्या लेखनात याच्या उलट दोष आढळतो. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या जोडयंत्रापासून मापकाच्या आकड्यावरून पंप आपला मूळ पुरवठा स्वतःच कमीअधिक करू लागला. म्हणून त्याला ‘कृत्रिम स्वादुपिंड’ म्हणण्याचा मोह होतो. पण अशा यंत्राला जेवण मनुष्यालाच सांगावे लागते. शिवाय पंपात केवळ शीघ्र परिणामी इन्सुलिन असते. नळी तुंबली तर शरीरात साठा उरत नाही आणि काही तासांतच रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका उद्भवतो. हे न सांगणारी स्तुती वाचकाची फसवणूक करते.

लोणावळ्याच्या संदर्भात आणखी एक इशारा आवश्यक वाटतो. आसने व आहारनियम यांनी आठवडाभर रेषा सपाट राहिली, की ‘इन्सुलिन सुटले’ अशी कथा रचण्याचा मोह अनावर होतो. ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याच्या बाबतीत ही कथा प्राणघातक ठरू शकते. ज्या भूमीत योगालाही दाबमापकापुढे उभे करण्यात आले, तेथे तरी यंत्राच्या आकड्यातून त्याने न सांगितलेला निष्कर्ष काढू नये.

सारांश, या लेखनाची कसोटी दुहेरी असावी. आकडा कोठून आला व कोठवर विश्वसनीय आहे, हे लेखकाने जाणले पाहिजे. आणि त्या आकड्याच्या वेळी आपण काय करीत होतो, हे त्याने निर्भयपणे लिहिले पाहिजे. या दोन्हींना उतरणारे लेखन शैलीने साधे असले तरी वाङ्मय म्हणून गणले जावे. अर्धशास्त्रीय विभागाची ती ओस जागा असे लेखनच भरून काढील.