'घूलीज २' : जत्रेतील भयगृह आणि प्रेक्षकाची दृष्टी

स्वस्तात काढलेल्या भयपटाचा दुसरा भाग हा चित्रपटसमीक्षेच्या दृष्टीने सहसा दखलपात्र ठरत नाही. पहिल्या भागाचा गल्ला पुन्हा जमावा, एवढाच त्याचा हेतू असतो असे गृहीत धरले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. अल्बर्ट बँड दिग्दर्शित 'घूलीज २' (१९८७) या अमेरिकन चित्रपटाचा हेतूही याहून उदात्त नव्हता. मात्र आपण गल्ल्यासाठी जन्मलो आहोत याची या चित्रपटाला पुरेपूर जाणीव आहे, आणि ती लपविण्याऐवजी त्याने तिचीच कथावस्तू केली आहे. प्रस्तुत लेखात या एका विशेषाचा विचार केला आहे.

जो दांते यांच्या 'ग्रेम्लिन्स' (१९८४) या चित्रपटानंतर छोट्या राक्षसांच्या विनोदी भयपटांची लाटच आली. लुका बर्कोविची यांचा 'घूलीज' (१९८५) त्याच लाटेत पडद्यावर आला. जुन्या वाड्यात अघोरी विधी करणाऱ्या तरुणाच्या त्या कथेत घूली नावाचे हे छोटे पिशाच्चगण बहुतांशी कोपऱ्यात उभे असतात. चित्रपट प्रसिद्ध झाला तो भित्तिपत्रकामुळे. शौचकूपातून डोके वर काढणारा हिरवट प्राणी त्यावर होता आणि प्रत्यक्ष चित्रपटात त्या प्रसंगाला जेमतेम क्षणभराची जागा होती. निर्मितिसंस्था 'एम्पायर पिक्चर्स'ची रीतच तशी होती. संस्थेचे प्रमुख चार्ल्स बँड आधी शीर्षक आणि भित्तिपत्रक तयार करून वितरकांकडे जात, पटकथा मागाहून. आधी आश्वासन विकायचे आणि मग वस्तू घडवायची, या व्यवहाराचे ओझे उत्तरभागावर पडले.

चार्ली डोलन आणि डेनिस पाओली यांच्या पटकथेने घूलींना वाड्यातून काढून फिरत्या जत्रेत आणले, हा तिचा सर्वांत शहाणा निर्णय. जत्रेत 'सेटन्स डेन' नावाचे भयगृह आहे. मद्याच्या आहारी गेलेला म्हातारा नेड आणि त्याचा पुतण्या लॅरी ते चालवतात. हिशेब पाहणारा हार्डिन बजावतो की, खेळाने पैसा मिळवावा, नाहीतर तो बंद होईल. घूली त्यांच्या मालमोटारीतून गुपचूप येथे पोहोचतात आणि गिऱ्हाइकांवर तुटून पडतात. इतरांना वाटते, हा खेळाचाच भाग. केवढा खरा वाटतो! तिकिटांसाठी रांग लागते. जो खेळ खोटेपणामुळे बुडत होता, तो खऱ्या मरणामुळे तरतो आणि तरीही खोटा म्हणूनच वाखाणला जातो.

या प्रसंगांत चित्रपट पाहणाऱ्याची स्थिती मोठी चमत्कारिक होते. भयगृहातील प्रेक्षक खऱ्या राक्षसांना बाहुल्या समजून हसतात. चित्रपटगृहातील प्रेक्षकासमोर मात्र त्या निव्वळ बाहुल्याच असतात, आणि त्याने त्यांना राक्षस मानावे अशी अपेक्षा असते. जॉन कार्ल ब्यूक्लर यांनी घडविलेल्या या बाहुल्यांचे रबर लपत नाही. त्या बहुधा कमरेपासून वरच दिसतात, आणि जबडा उघडणे व मिटणे हाच त्यांचा मुख्य अभिनय. वाड्यात हे दारिद्र्य खटकले असते. भयगृहात, कागदी कवट्या आणि रंगीत दिव्यांच्या शेजारी, तेच वास्तववादी ठरते.

विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले आहेत. विनोदी भयपट हा प्रकारच त्या दृष्टीने रसविरोधाचा. परंतु भरताने बीभत्सातून भयानकाची, तर विकृत रूप, वेष व चेष्टा यांतून हास्याची उत्पत्ती सांगितली आहे, हे ध्यानात घेतले तर येथील युक्ती उलगडते. मांजराच्या, उंदराच्या तोंडवळ्याची ही विकृत रूपे हास्याचाही विभाव आहेत आणि बीभत्साचाही. कोणता रस जागा व्हायचा हे रूपापेक्षा पाहणारा कोठे उभा आहे यावर ठरते. पडद्याआड चावा घेतला गेलेला एक जण किंचाळतो. रांगेतला दुसरा टाळ्या पिटतो. हार्डिनचा अंत शौचकूपावर होतो, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या भित्तिपत्रकाचे आश्वासन एकदाचे पाळले जाते. हिशेबनीसाकडूनच ते वसूल व्हावे, हा योगायोग नसावा.

अभिनयाच्या बाजूने दोघांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागेल. नेडची भूमिका करणारे रॉयल डॅनो हे पाश्चिमात्य साहसपटांतील जुने नट. न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक प्रदर्शनात डिस्नेने उभा केलेला लिंकनचा यांत्रिक पुतळा त्यांच्याच आवाजात बोलत असे. आयुष्यात एकदा बाहुल्याला वाणी दिलेला हा नट येथे बाहुल्यांसमोर मांत्रिक म्हणून उभा राहतो. आपल्या मंत्रांनीच हे गण आले, असे नेडला वाटते. आपल्याच खेळावर विश्वास ठेवणारा तो भयगृहातील एकमेव माणूस आहे आणि त्यापायीच तो प्राण गमावतो. डॅनो हा भ्रम थट्टेवारी नेत नाहीत. चित्रपटातील खरा करुण अंश तेवढाच.

दुसरे फिल फोंडाकारो. ठेंगण्या चणीच्या या नटाला 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये (१९८३) केसाळ वेषात ईवॉक व्हावे लागले. 'ट्रोल'मध्ये (१९८६) राक्षसाच्या कातड्यातही तेच होते, आणि उघड्या चेहऱ्याने इंग्रजीचे प्राध्यापकही तेच. येथे ते सर नायजेल पेनीवेट आहेत: शेक्सपिअर मुखोद्गत असलेला आणि भयगृहात पोट भरणारा नट. ज्या पटात ठेंगणेपणा म्हणजे राक्षसीपणा असे समीकरण सहज मांडता आले असते, तेथे सर्वांत सुसंस्कृत वाणी सर्वांत बुटक्या माणसाला दिली आहे. पटकथा या पात्राला आणखी वाव देती, तर चित्रपटाची उंची वाढली असती.

दोषही लहान नाहीत. गर्दी वाढली, पैसा आला. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न लॅरीला कधी नीट छळत नाही. पटकथाकारांनी स्वतःच उभा केलेला नैतिक पेच त्यांनी प्रेमकथेच्या आड सरकवला आहे, आणि ती प्रेमकथा अगदीच सामान्य आहे. घूली भयगृहाबाहेर पडून जत्राभर धुमाकूळ घालू लागल्यावर तर कल्पनेचा सगळा ताण सैल होतो. खेळ आणि वास्तव यांतील सीमारेषाच उरत नाही. उरते ती पळापळ, आणि 'ग्रेम्लिन्स'ने तशी पळापळ अधिक पैसे खर्चून आधीच करून दाखविली होती. अखेरीस छोट्यांना गिळण्यासाठी मंत्राने एक महाकाय घूली पाचारला जातो. रबरी पोशाखातील माणूस म्हणून तो लगेच ओळखू येतो आणि भीती वाटत नाही. इतका वेळ लहानपणावर तोललेला चित्रपट येथे मोठेपणाच्या मोहात पडतो. त्या महाकायाला मारण्यासाठी मात्र पुन्हा एक छोटे बाहुलेच पुढे करावे लागते, पोटात पेटती बाटली दडविलेले.