निवडीची भाषा आणि रूपाचा निकष

शिक्षणसंस्थेत निवड ही नित्याची बाब आहे. प्रवेश, वसतिगृह, वार्षिक स्नेहसंमेलन, कॅम्पस मुलाखत अशा अनेक प्रसंगी कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला वगळावयाचे हे आपण शिक्षक ठरवतो, किंवा ठरवणाऱ्यांच्या शेजारी बसलेले असतो. गुण, वय, प्रवर्ग, उत्पन्न हे निकष लेखी असतात. त्यामुळे त्यांची तपासणी होऊ शकते. रूप हा निकष बहुधा कोठेही लिहिलेला नसतो, तरीही तो आपले काम करीत असतो. एखाद्या विद्यार्थिनीला रूपावरून वगळले जाते तेव्हा कोणते शब्द वापरले जातात आणि त्या शब्दांमागे काय दडलेले असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील एक गाजलेले प्रकरण, महाराष्ट्रातील एक प्रकरण आणि मराठी व उर्दूतील काही रोजचे शब्द समोर ठेवले आहेत.

१. भगिनीमंडळातील हकालपट्टी

अमेरिकेतील विद्यापीठांत 'सोरोरिटी' नावाची विद्यार्थिनींची मंडळे असतात. ग्रीक अक्षरांवरून त्यांची नावे ठेवली जातात. अनेक ठिकाणी मंडळाचे स्वतःचे घर असते आणि सदस्य तेथेच राहतात. दरवर्षी नव्या मुलींची निवड होते. इच्छुक मुली घरोघर भेटी देतात, गप्पागोष्टी होतात आणि मग मंडळ आपली पसंती कळवते. इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल येथील डीपॉ विद्यापीठाला या परंपरेत मानाचे स्थान आहे. तेथे मुलींना प्रवेश मिळू लागल्यानंतर काही वर्षांतच, १८७० मध्ये, 'कॅपा अल्फा थीटा' हे मंडळ स्थापन झाले. पुरुषांच्या विद्यापीठात नव्याने आलेल्या मोजक्या मुलींनी एकमेकींना आधार द्यावा, हा त्यामागील हेतू होता.

याच विद्यापीठातील 'डेल्टा झीटा' या दुसऱ्या मंडळाच्या शाखेत सदस्यसंख्या घटत चालली होती. २००६ च्या अखेरीस मंडळाच्या राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांनी शाखेत येऊन सदस्यांच्या मुलाखती घेतल्या आणि ३५ पैकी २३ जणींना घर सोडण्यास सांगितले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फेब्रुवारी २००७ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. त्या वृत्तानुसार, वगळलेल्यांत शाखेतील प्रत्येक स्थूल मुलगी होती. तसेच शाखेतील एकमेव कृष्णवर्णीय, एकमेव कोरियन आणि एकमेव व्हिएतनामी वंशाची मुलगीही होती. त्याआधी झालेल्या भरतीच्या कार्यक्रमात बहुतेक सदस्यांना वरच्या मजल्यावर आपापल्या खोलीत थांबण्यास सांगण्यात आले होते. खाली नवागतांच्या स्वागतासाठी काही निवडक सदस्य आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या शाखेतून बोलावलेल्या सडपातळ मुली उभ्या होत्या. राहिलेल्या १२ जणींपैकी सहा जणींनी निषेध म्हणून मंडळ सोडले. मार्च २००७ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट बॉटम्स यांनी या मंडळाशी संबंध तोडत असल्याचे जाहीर केले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती येथील भाषा. रूप किंवा वंश हा निकष होता, हा आरोप मंडळाने नाकारला. या मुलींची 'भरतीच्या कामाशी पुरेशी बांधिलकी नाही', असे कारण देण्यात आले. त्यांना काढून टाकले, असा शब्दही पत्रात नव्हता; त्यांना 'माजी सदस्य' हा दर्जा देण्यात आला होता. म्हणजे शिकत असलेल्या मुलीला एका पत्राने माजी ठरवले गेले आणि तो जणू तिचा सन्मान होता. दोन्ही शब्द निर्दोष आहेत. बांधिलकी हा गुणच आहे आणि माजी सदस्य होणे हे क्रमप्राप्तच आहे. परंतु ज्या मुलींना वरच्या मजल्यावर थांबवण्यात आले, त्यांनी भरतीच्या कामात बांधिलकी दाखवावी तरी कशी, हा प्रश्न त्या शब्दांनी विचारू दिला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मैत्रिणी कोणी कोणाला करावे हा खाजगी प्रश्न आहे, त्यात संस्थेने का पडावे? मैत्रीपुरता हा आक्षेप मान्य करता येईल. पण मंडळाकडे राहण्याची खोली, ओळखीपाळखी आणि पुढील नोकरीसाठी उपयोगी पडणारा गोतावळा असतो. ज्या ठिकाणी अशा गोष्टींचे वाटप होते, तेथे निवड खाजगी राहत नाही. त्या २३ मुलींच्या हातून मैत्रिणींबरोबर घरही गेले.

२. 'हवाई सुंदरी' हा शब्द

डीपॉच्या प्रकरणात निकष झाकण्यात आला. आपल्याकडे कधी कधी निकष उघडपणे शब्दातच असतो आणि सवयीमुळे तो ऐकू येत नाही. विमानात प्रवाशांची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीला मराठीत वर्षानुवर्षे 'हवाई सुंदरी' म्हटले गेले. उर्दूत प्रचलित असलेला शब्द आहे 'फजाई मेजबान', म्हणजे आकाशातील यजमान. एका शब्दात काम आहे, दुसऱ्यात रूप आहे. डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका या कोणत्याही व्यवसायाचे नाव आपण चेहऱ्यावरून ठेवले नाही; येथे मात्र ठेवले. अलीकडे 'केबिन क्रू' हा शब्द रूढ झाला आहे, तरी जुना शब्द बोलण्यातून गेलेला नाही.

या शब्दातील गृहीतकाची तपासणी सर्वोच्च न्यायालयात १९८१ मध्ये, एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात, झाली. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपुष्टात आणणारा नियम न्यायमूर्ती फजल अली यांच्या निकालपत्राने रद्द ठरवला. प्रवाशांच्या आवडीसाठी तरुण मुली शोभेच्या वस्तूप्रमाणे ठेवाव्यात, हा विचार न्यायालयाने स्वीकारला नाही. अनुभवी स्त्रिया हे काम अधिक चांगले करू शकतात, असे मत नोंदवले. मात्र सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट याच निकालाने कायम ठेवली, हेही नमूद केले पाहिजे.

निकालानंतरही शब्दाचा प्रभाव टिकून राहिला. महाराष्ट्रात शासनाच्या योजनेतून सुमारे शंभर आदिवासी मुलींना हवाई सेवेचे प्रशिक्षण देण्यात आले होते. २०१० च्या सुमारास आलेल्या वृत्तांनुसार, त्यांपैकी केवळ आठ जणींना नोकरी मिळाली आणि तीही विमानतळावरील जमिनीवरच्या कामाची. सावळ्या वर्णामुळे आपल्याला नाकारण्यात आले, असे मुलींचे म्हणणे होते. शासनाने प्रशिक्षणाचा खर्च केला, मुलींनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पण निवडीच्या टेबलावर जो निकष लागू झाला तो त्या अभ्यासक्रमात नव्हताच. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी या प्रकरणाचा विचार गांभीर्याने करावयास हवा. जो निकष शिकवता येत नाही त्यावर परीक्षा होणार असेल, तर आपण विद्यार्थिनीला काय शिकवत आहोत?

३. 'निमगोरी' आणि 'कबूल-सूरत'

हे शब्द आपल्या कानांना सरावाचे का वाटतात? याचे उत्तर विवाहाच्या व्यवहारात सापडते. मराठी वधू-वर जाहिरातींत 'गोरी', 'निमगोरी', 'सावळी', 'नाकीडोळी नीटस' अशी श्रेणीच तयार झालेली आहे. 'निमगोरी' म्हणजे अर्धी गोरी; एखाद्या उत्तरपत्रिकेला अर्धे गुण द्यावेत तसा हा शब्द आहे. उर्दूत याच जागी 'कबूल-सूरत' येतो. शब्दशः अर्थ, स्वीकारण्याजोगा चेहरा. कोणी स्वीकारण्याजोगा, हे शब्द सांगत नाही. पाहणारा गृहीत धरलेला आहे. 'मुलगी दाखवणे', 'पाहण्याचा कार्यक्रम', 'पसंत पडणे' या क्रियापदांतही पाहणारा एक आणि पाहिली जाणारी दुसरी, ही विभागणी पक्की आहे.

'शादी डॉट कॉम' या संकेतस्थळाने २०२० मध्ये, सह्यांच्या मोहिमेनंतर, वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. दोन्ही बदल स्वागतार्ह आहेत. परंतु मलम दुकानात आहेच आणि गिऱ्हाईकही तेच आहे. शब्द बदलला म्हणजे निकष बदललाच असे नाही. कधी कधी निकषाला नवा, अधिक सभ्य शब्द मिळतो, इतकेच घडते.

४. दोन पुस्तकांची साक्ष

विभावरी शिरूरकर यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या कथासंग्रहाने शिकलेल्या, अविवाहित राहिलेल्या स्त्रियांची घुसमट मराठीत प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडली. त्यानंतरच्या दशकात इस्मत चुगताई यांची 'टेढी लकीर' ही उर्दू कादंबरी आली. तिची नायिका शम्मन ही घरातील दहावे अपत्य. नकोशी झालेली मुलगी. घर, शाळा, वसतिगृह, महाविद्यालय या सर्व ठिकाणी ती कोणाच्या ना कोणाच्या शेजारी ठेवून मोजली जाते. इस्मत यांनी नायिकेला सुंदर केले नाही आणि शेवटी तिचे सौंदर्य कोणाला तरी 'सापडते' अशी सोपी तडजोडही केली नाही. कादंबरीचे नावच विचार करावयास लावते. रेघ वाकडी ठरते ती शेजारी सरळ रेघ ओढल्यावर. ती सरळ रेघ कोणी ओढली, हा प्रश्न कादंबरी वाचकापुढे ठेवते. माझ्या मते मुलींच्या वसतिगृहाचे जग समजून घेऊ पाहणाऱ्या शिक्षकाला हे पुस्तक मानसशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

५. आपल्या दारातील शब्द : 'प्रेझेंटेबल'

इंदूरच्या सांवेर रोडवरील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी नोकरी शोधणाऱ्या आपल्या विद्यार्थिनींना दोन प्रकारच्या मागण्या भेटतात. पॅकिंगसाठी किंवा हिशेबासाठी मुलगी हवी असेल तेव्हा हातांचा वेग, टॅली, टायपिंग यांची विचारणा होते. स्वागतकक्षासाठी हवी असेल तेव्हा 'स्मार्ट' आणि 'प्रेझेंटेबल' हे शब्द येतात. 'प्रेझेंटेबल' म्हणजे दाखवण्याजोगी. 'मुलगी दाखवणे' हाच तो शब्द. फक्त बैठकीतून कार्यालयात आलेला. स्वच्छ कपडे आणि नम्र बोलणे एवढाच त्याचा अर्थ असेल तर तक्रार नाही. तसे असेल तर तसे लिहून देण्यास अडचण नसावी.

दोष केवळ कारखानदारांचा नाही. आपल्या कार्यक्रमांत पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी पुढे कोणत्या मुली उभ्या केल्या जातात? सूत्रसंचालनासाठी उच्चार पाहिले जातात की चेहरा? माहितीपत्रिकेवर कोणाचे छायाचित्र येते? 'व्यक्तिमत्त्व विकास' या नावाच्या वर्गात व्यक्तिमत्त्व किती आणि प्रसाधन किती असते? डीपॉतील मुलींना वरच्या मजल्यावर पाठवण्यात आले. आपल्याकडे मुली स्वतःच मागच्या रांगेत जाऊन बसतात, कारण शाळेपासून त्यांना आपली जागा न सांगता कळलेली असते. मागे बसलेल्या मुलीबद्दल मग 'तिला रस नाही' असे आपण म्हणतो. 'बांधिलकी नाही' याहून ते फारसे वेगळे नाही.

समारोप

रूपाची आवड माणसाच्या मनातून काढून टाकता येईल, असा दावा येथे केलेला नाही. निवडीतील शब्दांचा हिशेब मात्र मागता येतो. त्या दृष्टीने काही सूचना विचारार्थ मांडतो. कोणत्याही निवडीचे निकष नावे मागवण्यापूर्वी लेखी असावेत. स्वागत व सूत्रसंचालनाची कामे पाळीपाळीने द्यावीत. सूत्रसंचालनाची चाचणी आवाज व उच्चार ऐकून घ्यावी. कॅम्पस मुलाखतीस येणाऱ्या संस्थेने 'प्रेझेंटेबल', 'स्मार्ट', 'पर्सनॅलिटी' असे शब्द वापरल्यास त्यांचा अर्थ एका ओळीत लिहून मागावा. नाकारलेल्या विद्यार्थिनीस कारण सांगितले जावे आणि ते तिला सुधारता येण्यासारखे असावे.

यांपैकी शेवटची सूचना सर्वांत अवघड आहे, याची जाणीव आहे. परंतु टायपिंग कमी पडले असे ऐकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी सरावाला बसू शकते. 'व्यक्तिमत्त्व कमी पडले' असे ऐकलेली मुलगी घरी जाऊन आरशासमोर उभी राहते, आणि तेथे तिला मदत करण्यास आपल्यापैकी कोणीही नसते.