९९.३ टक्के, पण कशाचे?

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब चढतो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. हा प्रीएक्लॅम्पसिया. तो बळावला तर झटके येतात. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. रक्त तपासून तो आधीच ओळखता आला तर कोणाला नको आहे? म्हणूनच २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला ‘प्रॉग्नोसिस’ हा अभ्यास आम्ही उत्सुकतेने वाचला.

चाचणीमागचा विचार भक्कम आहे. वारेतून दोन प्रथिने आईच्या रक्तात येतात. पीएलजीएफ हे रक्तवाहिन्यांना पोषक असते. एसएफएलटी-१ त्याला पकडून निकामी करते. काटेकोरपणे ही संप्रेरके नव्हेत, पण त्यांच्यासारखीच रक्तातून दूरवर परिणाम घडवतात. या आजारात दुसरे वाढते, पहिले घटते. दोहोंचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर आठवडाभरात आजार होणार नाही, हे भाकीत ९९.३ टक्के खरे ठरले.

आकडा दिपवणारा आहे. तरी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पडताळणीत ५५० स्त्रिया होत्या. अभ्यासातल्याच टक्केवाऱ्यांवरून मांडणी केली, तर त्या आठवड्यात आजार झाला तो सुमारे १५ जणींना. म्हणजे रक्त न तपासताच ‘कोणालाही होणार नाही’ असे ठोकून दिले असते, तरी ते ९७ टक्के खरे ठरले असते! त्या १५ पैकी चाचणीने १२ ओळखल्या, तीन निसटल्या. उलट, गुणोत्तर ३८ च्या वर गेलेल्यांपैकी चार आठवड्यांत आजार झाला ३६.७ टक्के स्त्रियांना. बाकीच्यांना त्या मुदतीत तो झाला नाही.

लेखकांनी यातले काही लपवलेले नाही. आमचा आक्षेप आहे तो ९९.३ एवढाच आकडा उचलून सांगण्याला. शिवाय या साऱ्या स्त्रियांत आजाराची शंका आधीच आलेली होती. हे निष्कर्ष सरसकट प्रत्येक गर्भवतीला लावता येत नाहीत. चाचणी निरुपयोगी मुळीच नाही. शंका असलेल्या स्त्रीला उगाच दवाखान्यात अडकवून ठेवणे तिच्यामुळे टळू शकते. पण गुणोत्तर कमी आले म्हणून रक्तदाब मोजणे थांबवले, तर त्या तिघींचे काय?

शिक्षकांनी टक्केवारी शिकवताना हा ५५० जणींचा तक्ता फळ्यावर जरूर मांडावा. ‘किती टक्के?’ याआधी ‘कशाचे?’ हे विचारायची सवय मुलांना तिथेच लागेल.