पुढे काय होणार, हे सांगणारी भिंत

रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग सुधारायचा म्हटलं की खाटा वाढवा, दारं रुंद करा, अशी चर्चा सुरू होते. लंडनच्या पिअर्सनलॉइड या डिझाइन संस्थेने एकही भिंत न पाडता जे केलं, ते मला या क्षेत्रातलं फार देखणं काम वाटतं.

इंग्लंडच्या ‘ए अँड ई’ म्हणजे आपत्कालीन विभागांत कर्मचाऱ्यांवर होणारी शिवीगाळ आणि हल्ले कसे कमी होतील, हा प्रश्न तिथलं आरोग्य खातं आणि डिझाइन काउन्सिल यांनी डिझायनरांपुढे ठेवला होता. २०११ साली उत्तर आलं ते उभ्या, अरुंद फलकांच्या रूपात. कर्मचाऱ्यांसाठी वेगळा कार्यक्रमही होता, पण खरी कमाल फलकांची.

ते वाचून पाहावेत. आपण आत्ता कुठे आहोत आणि इथे काय होतं, एवढंच ते सांगतात. जोडीला सगळ्या प्रवासाचा एक नकाशा: नोंदणी, प्राथमिक तपासणी, उपचार, मग घरी किंवा वॉर्डात. कुठेही दटावणी नाही.

मनगट मोडलेला माणूस दोन तास बाकावर बसलाय. त्याच्या मागून आलेल्या बाईंना आधी आत नेलं. त्याच्या लेखी ही सरळ सरळ घुसखोरी. आजाराच्या गंभीरतेवर क्रम ठरतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं; सांगायला कुणाला उसंतही नसते. ते काम नकाशा करतो. माझ्या मते त्याहून नाजूक जागा पुढची आहे. रक्त तपासायला दिलं की पुन्हा थांबायचं, आणि या दुसऱ्या थांबण्यात माणूस जास्त घाबरतो, कारण आपल्याला सगळे विसरले असं त्याला वाटू लागतं. रिपोर्टची वाट पाहणं हाही उपचाराचाच एक टप्पा आहे, हे समोर लिहिलेलं दिसलं की तोच वेळ सुसह्य होतो. रुग्णाच्या मनात नेमक्या कुठल्या घटकेला कुठला प्रश्न उठतो, हे इतकं बारकाईने ओळखणं, हीच या कामाची श्रेष्ठता.

वरचे वॉर्ड भरलेले असतील तर फलकाने खाट रिकामी होत नाही, हे खरंच. रांग तेवढीच राहते. पण लंडनचं सेंट जॉर्जेस आणि साउदॅम्प्टन जनरल इथल्या प्रयोगाचं २०१३ साली मूल्यमापन झालं, तेव्हा ७५ टक्के रुग्णांनी थांबण्यातली चिडचिड फलकांमुळे कमी झाल्याचं सांगितलं. धमकावणारे हावभाव आणि आक्रमक वर्तन निम्म्यावर आलं. खर्चलेल्या दर पौंडामागे तीन पौंडांचा लाभ झाला.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. त्यातल्या शिक्षेची माहिती रुग्णालयांत लागते, ती लागायलाच हवी. पण कॅज्युअल्टीच्या दारात केसपेपर हातात धरून उभ्या असलेल्या नातेवाइकाला त्या क्षणी हवं असतं ते वेगळंच: आमच्या पेशंटला कुठे नेलं, आता काय चाललंय, पुढे काय? आपल्या रुग्णालयांच्या अधिष्ठात्यांना माझी विनंती आहे, की त्या माहितीशेजारी हा नकाशाही लावा, सोप्या मराठीत आणि मोठ्या अक्षरांत.