गुहेतले घड्याळ

समीक्षा ही काव्य, चित्र आणि गायन यांचीच करावयाची असते, असा आपल्याकडे एक समज आहे. ज्या वस्तूकडे माणूस दिवसातून पन्नास वेळा पाहतो तिच्याविषयी मात्र 'शोभते' किंवा 'शोभत नाही' यापलीकडे बोलण्याची कोणाला गरज वाटत नाही. मला हा समज मान्य नाही. म्हणून एका मनगटी घड्याळाच्या दोन तबकड्यांविषयी, एक काळी आणि एक पांढरी, इतक्याच विषयावर येथे लिहावयाचे योजिले आहे. ज्यांना हा विषय दिवाळी अंकाच्या योग्यतेचा वाटणार नाही त्यांनी पान उलटावे. त्यांच्यावर माझा राग नाही.

निमित्त आमच्या एका स्नेह्यांचे. वाळूजच्या वसाहतीत त्यांचा सुट्या भागांचा कारखाना आहे. मुलाचे शिक्षण झाले, कर्ज फिटले, तेव्हा आयुष्यात एकदा एक उंची घड्याळ घ्यावयाचे असे त्यांनी ठरविले. घड्याळ ठरले : रोलेक्स कंपनीचे 'एक्सप्लोरर दोन'. अडले ते तबकडीपाशी. मुंबईच्या दुकानात दोन्ही घड्याळे त्यांनी आळीपाळीने मनगटावर चढवून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही जन्मभर चित्रांवर लिहिलेत. सांगा, काळी की पांढरी?" किंमत दोहोंची एकच, यंत्र एकच, पोलाद एकच. म्हणजे निवड करावयाची ती केवळ डोळ्यांनी, आणि अशी शुद्ध निवड व्यवहारात फारशी वाट्याला येत नाही.

या घड्याळाचा जन्म १९७१ सालचा. ते काढले गुहांचा शोध घेणाऱ्यांसाठी. पृथ्वीच्या पोटात आठआठ दिवस राहणाऱ्या माणसाला घड्याळात दहा वाजलेले दिसतात. परंतु ते सकाळचे दहा की रात्रीचे, हे सांगावयास तेथे सूर्य नसतो. म्हणून त्यात चोवीस तासांत एकच फेरा करणारा एक चौथा, नारिंगी काटा बसविला आणि काचेभोवतीच्या पोलादी कड्यावर चोवीस तासांचे आकडे कोरले. ही अडचण काल्पनिक नव्हती. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूशास्त्रज्ञ १९६२ साली घड्याळावाचून सुमारे दोन महिने एका गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला वर काढले तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. पंचवीस दिवस त्याच्या हातून नकळत निसटले होते.

पहिल्या घड्याळाची तबकडी काळीच होती. पांढरी आली ती १९८५ साली. तेव्हापासून आजवर ही जोडी चालू आहे आणि २०२१ सालच्या नव्या आवृत्तीतही दोन्ही आहेत. आता गुहांसाठी काढलेल्या घड्याळाचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात यावा, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटला. शहराचे नाव २०२३ साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. पण नाव कोणतेही घ्या, याच्या एका अंगाला वेरूळ आहे, लांब उत्तरेला अजिंठा आहे, आणि विद्यापीठामागच्या डोंगरातही लेणी आहेत. अंधार आणि उजेड यांचा हिशेब दगडात मांडणारी माणसे येथे हजारबाराशे वर्षे खपली. तबकडीचा निवाडा करावयाचा तर त्यांची साक्ष काढल्यावाचून कसा करणार?

आधी एक भ्रम दूर केला पाहिजे. मिट्ट काळोखात या दोन तबकड्यांत काडीचाही फरक नाही. तेथे तबकडी दिसतच नाही. दिसतात त्या फक्त चमकणाऱ्या खुणा आणि काटे. आपण अजून त्याला 'रेडियमचे घड्याळ' म्हणतो, जरी त्यात रेडियम घालणे केव्हाच बंद झाले आहे. उलट, वैशाखातल्या दुपारी उघड्यावर उभे राहिले तर दोन्ही सारख्याच स्पष्ट वाचता येतात. खरा भेद कळतो तो मधल्या जागी, म्हणजे लेण्याच्या ओसरीत, मागे ऊन आणि पुढे काळोख असताना. विचार केला तर आपला बहुतेक दिवस अशाच ओसरीतल्या उजेडात जातो : माजघरात, कचेरीत, गाडीत, दिवेलागणीला.

सर्वसामान्य मत असे की काळी तबकडी कामाची आणि पांढरी पोशाखी. दुकानदारही हेच सांगतो. हे मत हवेतून आलेले नाही. पांढरी तबकडी ही जुन्या खिशातल्या घड्याळाची, मिनाकामाच्या पांढऱ्याशुभ्र चेहऱ्याची वारस. काळी आली विमानातून आणि पाणबुड्यांच्या मनगटावरून. १९५३ च्या सुमारास पाणबुड्यांसाठी जी नामांकित घड्याळे निघाली ती काळ्याच तबकडीची होती. आपल्याकडे जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळुरास उभा राहिला, आणि पुढे तेथल्या घड्याळांतही हाच वर्णभेद उतरला. 'जनता' ही बहुधा पांढऱ्या तबकडीची. कारकून, मास्तर, नवरदेव यांची. 'पायलट' काळी, ती घालणारा प्रत्यक्षात एसटीत कंडक्टर असला तरी मनातून वैमानिक असे. २०१६ साली सरकारने ती घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी जुन्या पेट्यांतून 'जनता' आणि 'पायलट' अजून निघतात आणि चावी दिली की चालतात.

परंतु मत जुने झाले की ते वस्तूकडे पाहू देत नाही. आजच्या एक्सप्लोररच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून पाहा. काळीचा पृष्ठभाग तुकतुकीत आहे, विहिरीतल्या स्थिर पाण्यासारखा. तिच्यावरील प्रत्येक खुणेला पांढऱ्या सोन्याची झिलईदार कड आहे. काटेही तसेच झळझळीत. मनगट किंचित वळविले की अकरा जागी अकरा ठिणग्या उडतात. हे सौंदर्य आहे, यात वाद नाही. पण ते कोणत्या जातीचे सौंदर्य आहे? मला ते ओळखीचे वाटले आणि ओळख लागावयास वेळ लागला नाही : ही बिदरी आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतावयाचे, त्यावर नक्षी खोदावयाची, खाचांत चांदीची तार ठोकून बसवावयाची आणि मग जुन्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने सारे भांडे काळे करावयाचे. चांदी तेवढी काळवंडत नाही. बिदरहून निघालेली ही कारागिरी आमच्या शहरातही आहे. ती कशासाठी वापरली गेली? हुक्क्याच्या बैठका, पानदाने, अत्तरदाण्या यांसाठी. बिदरीच्या भांड्यातून कोणी आमटी वाढल्याचे ऐकिवात नाही. काळ्यावर चांदी ही मैफलीची भाषा आहे. तेव्हा काळी तबकडी राकट, कामाची, हे म्हणणे निदान या घड्याळापुरते उलटे आहे. राकटपणा राहिला आहे तो तिच्या लौकिकात.

आता पांढरी पाहा. येथे सोन्याची कड दिसत नाही. खुणांना आणि काट्यांना मंद काळ्या लेपाची कड आहे. तो लेप चमकत नाही. पांढऱ्या पृष्ठभागावर शाईने काढलेली रेघ असावी तसे सारे दिसते आणि त्या काळ्यापांढऱ्यात तो नारिंगी काटा एकटाच बोलतो. हीही पद्धत आमच्या ओळखीची आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराने खडबडीत काळ्या दगडावर माती, तूस, गवताचे तंतू यांचे गिलाव्याचे थर दिले, त्यावर पातळ पांढरा थर चढविला आणि मग गेरूची रेघ ओढून आकृती बांधली. अंधाऱ्या दालनात काम करणाऱ्या माणसाने पहिली गोष्ट कोणती केली असेल तर भिंत पांढरी केली. बाहेरून झिरपून आलेला मूठभर उजेड दगडाने गिळू नये, परत द्यावा, यासाठी त्याला तो थर हवा होता. आकृती हरवू नये म्हणून रेघ हवी होती. पांढरी भूमी आणि गडद रेघ हा गुहेत काम करणाऱ्याचा उपाय आहे. तो ज्या तबकडीवर आहे तिला पोशाखी म्हणणे मला जड जाते.

आणखी एक गोष्ट मी दुकानात पाहिली व ती पाहिल्यावर माझे मत पक्के झाले. पांढऱ्या तबकडीवर काट्यांची सावली पडते. अगदी बारीक, केसाएवढी. काटा फिरतो तशी तीही त्याच्या बाजूने सरकते. काळ्या तबकडीवरही ती पडतच असणार, पण दिसत नाही. सावलीमुळे काटा तबकडीपासून सुटा होतो, मध्ये जागा आहे हे कळते, सपाट वर्तुळाला खोली येते. काळ मोजण्याचे पहिले साधन सावलीच होती, ही आठवणही त्याबरोबर येतेच, पण तिच्यावर मी भर देणार नाही. मला येथे डोळ्याचा अनुभव पुरेसा आहे.

वेरूळच्या कैलासाकडे या दृष्टीने पाहिल्यास एक नवल वाटते. आज तो आपणांस करडाकाळा दिसतो आणि त्या काळेपणालाच आपण त्याचे गांभीर्य समजतो. पण राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कोरलेल्या त्या मंदिरावर एके काळी पांढऱ्या गिलाव्याचे लेपन आणि रंगकाम होते. त्याचे अवशेष अजून काही ठिकाणी आहेत, आणि 'रंगमहाल' हे त्याचे दुसरे नावही त्याचीच खूण. एवढा डोंगर कोरून काढल्यावर त्या माणसांना तो काळा ठेवणे पुरेसे वाटले नाही. पांढऱ्या अंगावर ऊन फिरताना प्रत्येक देवतेच्या कोपराखाली, प्रत्येक हत्तीच्या सोंडेमागे सावली किती ठसठशीत उमटत असेल, याची कल्पना करावी. आम्ही पाहतो तो कैलास त्या दृष्टीने अर्धाच आहे.

काळ्याच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने ज्याने पाहिले आहेत त्याला काळ्यावर पांढरे काय करू शकते हे सांगावे लागत नाही. शिवाय पांढऱ्याचा एक दोष आहे आणि तो लपविता येणार नाही. पांढरी आकृती डोळ्याला तिच्या मापाहून मोठी भासते, काळी लहान. या घड्याळाचा व्यास २०११ सालापासून बेचाळीस मिलिमीटर आहे. मुळात ते थोराड; त्यात पांढरी तबकडी घेतली की किरकोळ मनगटावर ते बशीसारखे बसते. आमचे स्नेही अंगाने भरलेले आहेत, त्यामुळे ही अडचण त्यांच्यापुरती नव्हती. माझ्यासारख्या काटकुळ्या माणसाने याचा विचार करावा; अर्थात माझ्यावर तो प्रसंग येण्याचा संभव नाही.

एका युक्तिवादाशी मात्र मला बोलणेच नको वाटते. तो म्हणजे पुढे विकताना कोणती जास्त देईल, हा. आमच्या शहराला चैनीच्या वस्तू संघटितपणे घेण्याचीही हौस आहे. २०१० साली येथल्या मंडळींनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या आणि देशभर नाव झाले. त्या खरेदीत घासाघीस झाली, व्याजाचा दर ठरला, सर्व काही चोख झाले. कोणाला गाडीचे रूप का आवडले हे मात्र त्या बातम्यांत कोठे वाचल्याचे आठवत नाही. घड्याळांच्या बाजाराची तऱ्हा तर अधिक विचित्र. १९८५ सालच्या पहिल्या पांढऱ्या तबकड्यांपैकी काहींचा रंग कालांतराने सायीसारखा पिवळसर पडला. रंगातला तो दोष होता. आता संग्राहक नेमक्या त्याच शोधून अधिक पैसे मोजतात. बाजार उद्या कशाला भुलेल हे ज्याला सांगता येते त्याने तबकडीचा रंग विचारण्यात वेळ घालवू नये.

राहता राहिली एक बारीक बाब, आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरही करता येईल. तीनच्या जागी तारखेची खिडकी आहे, वर भिंग आहे. खिडकीतील चकती दोन्ही घड्याळांत पांढरी, आकडे काळे. पांढऱ्या तबकडीत ती सहज विरघळते. तारीख हवी तेव्हा दिसते, नको तेव्हा दिसत नाही. काळ्या तबकडीत मात्र तीनच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो, पडक्या भिंतीतून उजेड यावा तसा, आणि ज्या काळ्या एकसंधपणासाठी ती तबकडी घ्यावयाची तोच तेथे फुटतो. स्नेह्यांना मी तो चौकोन बोटाने दाखविला. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग म्हणाले, "हे मला दिसलेच नव्हते," आणि काळे घड्याळ काढून मखमलीवर ठेवले. दुकानातल्या मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन करीत नाही. बहुधा त्याच्याजवळ त्या दिवशी काळेच शिल्लक होते, कारण पांढऱ्यासाठी नाव नोंदवून थांबावे लागेल असे त्याने सांगितले. स्नेही थांबले आहेत.