‘जीवनशैली’ या शब्दाची झडती

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांना आपल्याकडे सर्रास ‘जीवनशैलीचे आजार’ म्हटले जाते. भाषा शिकविणारा माणूस म्हणून मला या शब्दाची झडती घ्यावीशी वाटते. शैली ही निवडलेली असते. आणि ज्याने निवड केली, दोषही त्याचाच, हा या शब्दाचा गर्भितार्थ होय. परंतु ज्यांचे काम आणि वस्ती जातीनेच नेमून दिली, त्यांच्या जगण्याला ‘शैली’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

२०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण मी या दृष्टीने वाचले. त्यात जातीचा उल्लेखच नाही असे म्हणता येणार नाही. समतेच्या तत्त्वाखाली लिंग, दारिद्र्य, जात, अपंगत्व यांमुळे पडणारी तफावत कमी करण्याची ग्वाही आहे. मात्र तत्त्वांकडून आकड्यांच्या उद्दिष्टांकडे यावे, तर जात गायब! तेथे हृदयविकार, कर्करोग, मधुमेह व श्वसनाचे जुनाट आजार यांनी होणारे अकाली मृत्यू २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी घटविण्याचे लक्ष्य होते. हे २५ टक्के कोणाचे? वरच्या थरातील मृत्यू झपाट्याने घटले आणि तळातले होते तेवढेच राहिले, तरी सरासरी खाली येतेच. ज्याचे मोजमापच ठरविले नाही, त्याचा जाब कोण देणार?

हीच दृष्टी गावपातळीवर उतरते. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशा कार्यकर्ती जो तपासणी-तक्ता भरते, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांना गुण आहेत. धूर-धुळीतल्या कामाची विचारणा पुढे होते, पण या गुणांच्या बेरजेत ते काम धरले जात नाही. पहाटेपासून रस्ता झाडणाऱ्या बाईचे श्रम मात्र आठवड्याच्या १५० मिनिटांच्या हालचालीत सहज बसतात. म्हणजे जे काम तिची छाती पोखरते, तेच येथे तिच्या आरोग्याच्या बाजूने जमा होते. निरोगी परिसरासाठी धोरणाने जी सात क्षेत्रे निवडली, त्यांत पहिला मान स्वच्छ भारत अभियानाला आहे. ही स्वच्छता कोणाच्या फुप्फुसांच्या मोलाने मिळते, हा प्रश्न प्रस्थापितांना सुचत नाही.

सारे काही वैयक्तिक सवयींनीच ठरते, हा समज इंग्लंडमध्ये कधीच खोटा ठरला आहे. लंडनच्या सरकारी नोकरांची ‘व्हाइटहॉल पाहणी’ १९६७ साली सुरू झाली. तेथे सारेच पगारदार होते. तरीही अगदी खालच्या हुद्द्यावरील पुरुषांत हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा हिशेब लावूनही बराच फरक शिल्लक राहिला. कचेरीतील हुद्द्यांची उतरंड जर हृदयावर एवढा घाव घालते, तर जन्मापासून मरणापर्यंत न सुटणारी जातीची उतरंड काय करीत असेल?

आहाराचेही तेच. ‘संतुलित आहार घ्या’ हा उपदेश ठीक आहे. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला. डाळ, तेल, भाजी त्या हक्कात नाही. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस हिरावले गेले. एक खाते सकस खा म्हणते, दुसरे ताट ओढते. आरोग्य धोरण म्हणून दोन्ही एकत्र का वाचले जात नाहीत?

तंबाखू सोडा, मीठ कमी खा, हे सांगणे खोटे नाही. आपल्या वस्त्यांतही ते आवर्जून सांगितले पाहिजे. तंबाखू आपलीही माणसे मारते. पण सल्ला म्हणजे धोरण नव्हे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी लोकांना पाणी गाळून प्या, असे सांगितले नाही. तळ्यावरचा हक्क सांगितला. आरोग्याच्या प्रश्नावर आपली मागणीही हक्काचीच हवी. अकाली मृत्यूंची उद्दिष्टे जातवार आणि व्यवसायवार जाहीर करा. सफाईच्या कामाला त्या तक्त्यात धोका म्हणून गुण द्या आणि कंत्राटी कामगाराची नियमित तपासणी मालकाच्या खर्चाने करा. शिधापत्रिकेवर डाळ व तेल हक्क म्हणून द्या. कार्यकर्त्यांनी हे प्रश्न ग्रामसभेत आणि महापालिकेच्या दारात विचारले पाहिजेत. ‘जीवनशैली’ हा शब्द तोवर आपण तरी वापरू नये.