चोरलेली गाडी आणि परकीं माणसें

कुमारवयीन वाचकांसाठीं लिहिलेल्या पाश्चात्य कादंबऱ्यांत अलीकडे एक सांचा फार रूढ झाला आहे. एखादा मुलगा घरांतून निघतो, मोटारींतून दूरवर जातो, वाटेंत त्याला चारदोन अनोळखी माणसें भेटतात, प्रत्येक जण एकेक शहाणपणाचें वाक्य देऊन निघून जातो, आणि शेवटच्या प्रकरणांत मुलास ‘स्वतःचा शोध’ लागतो. अशा पुस्तकांविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. वाटेंत भेटणारीं माणसें माणसें न राहतां मैलाचे दगड होतात, हा त्यांचा मुख्य दोष. वोल्फगांग हेर्नडोर्फ ह्या जर्मन लेखकाची ‘चिक’ ही २०१० सालची कादंबरी वरवर पाहतां ह्याच सांच्यांतली आहे. २०११ सालीं तिला जर्मनींतील बालकुमार वाङ्मयाचें पारितोषिक मिळालें, २०१६ सालीं फातिह आकिन ह्यांनीं तिच्यावर चित्रपट काढला, आणि टिम मोर ह्यांच्या इंग्रजी भाषांतरामुळें ती आमच्यासारख्या जर्मन न जाणणाऱ्यांच्याही हातीं आली. ‘आम्हीं गाडी कां घेतली’ अशा अर्थाचें नांव त्या भाषांतरास दिलें आहे. तें आम्हांस रुचलें नाहीं. जणूं पोलिसांनीं मागितलेला खुलासाच. मूळ नांव म्हणजे एका पोराचें नुसतें टोपणनांव आहे, आणि तेंच योग्य. कारण ही आत्मशोधाची कथा आहे हें जें सर्वत्र सांगितलें जातें, तें आमच्या मतें चुकीचें आहे.

माइक क्लिंगेनबेर्ग हा बर्लिनमधील चौदा वर्षांचा मुलगा. घरीं पोहण्याचा हौद आहे, आणि दारूच्या आहारीं गेलेली आई आहे. ती मधून मधून व्यसन सोडविण्यासाठीं एका संस्थेंत जाऊन राहते. त्या जागेला घरांत ‘सौंदर्यशाला’ म्हणावयाचें असा शिरस्ता आहे. एका सुटींत आई तेथें, आणि बाप तरुण सहकारिणीसह ‘कामाच्या’ दौऱ्यावर गेलेला असतां चिक दारांत येतो. हा रशियांतून आलेला वर्गबंधु. कधीं कधीं वर्गांतही झिंगून येणारा. त्यानें एक जुनी लाडा मोटार चोरून, त्याच्या भाषेंत उसनी, आणली आहे. वालाखियांत आपले आजोबा राहतात, तिकडे जाऊं, असें तो म्हणतो. वालाखिया हा रुमानियाचा डॅन्यूब नदीकडील प्रदेश. परंतु जर्मन बोलींत त्याच शब्दाचा अर्थ कोठें तरी दूरचें आडरान असाही होतो, म्हणून माइकला वाटतें कीं असें ठिकाणच मुळीं नाहीं. आपल्याकडे अटक हें खरोखरीचें गांव असून ‘अटकेपार’ म्हणतांना तें कोणाच्या ध्यानांत नसतें, तशांतलाच हा प्रकार. जवळ नकाशा नाहीं. दोघे दक्षिणेकडे निघतात.

ह्या पुस्तकाची किल्ली मात्र प्रवासांत नसून त्यापूर्वींच्या एका शाळेंतील प्रसंगांत आहे. निबंधाच्या तासाला माइक आपल्या आईविषयीं लिहितो. ती कशी पिते, ‘सौंदर्यशाला’ म्हणजे काय, हें सगळें तो मोकळेपणानें, आणि आईवरील मायेनें, वाचून दाखवितो. शिक्षक संतापतात, स्वतःच्या आईविषयीं असें लिहिलें म्हणून त्याला फैलावर घेतात. मुलें त्याला ‘सायको’ म्हणूं लागतात. आमचें आयुष्य वर्गांत गेलें आहे. ‘माझी आई’ ह्या विषयावर शेंकडों मुलांनीं लिहिलेली एकच आई आम्हीं तपासली आहे. एखाद्यानें खरी आई कागदावर आणून उभी केली, तर शिक्षकाची तांबडी पेन्सिल प्रथम कोठें उमटेल, हा प्रश्न हें प्रकरण वाचतांना टाळतां येत नाहीं. ओळखीच्या माणसांत खरें बोललें कीं शिक्षा होते, एवढा धडा माइकला शाळेनें दिला.

आतां वाटेंतलीं माणसें पाहा. दुकान कोठें आहे म्हणून विचारणाऱ्या ह्या पोरांना एका खेड्यांतली बाई फारशी चौकशी न करतां आपल्या मुलांच्या पंगतीला बसविते. तेथें जेवणाअंतींचा गोड पदार्थ प्रश्नोत्तरांवर वांटला जातो, आणि शहरांतल्या ह्या दोघांच्या वांट्याला सर्वांत लहान भाग येतो! ओसाड गांवांतला एक म्हातारा प्रथम बंदूक झाडतो, आणि मग त्यांना घरांत बसवून आपल्या लढाईच्या हकीकती सांगतो. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर इझा भेटते. तिच्या अंगाला घाण आणि तोंडांत शिव्या, परंतु नळीनें पेट्रोल कसें ओढावयाचें तें तिलाच ठाऊक. गाडी उलटल्यावर मदतीला धांवून आलेली एक स्थूल बाई आग विझविण्याचें नळकांडें चिकच्याच पायावर टाकते, आणि मग स्वतःच त्यांना दवाखान्यांत नेते. ह्यांत शहाणपण वांटणारा एकच, तो म्हातारा. अगदीं निर्वाणीच्या वेळीं उघडा, असें सांगून तो एक लहान बाटली देतो. ती घाण येते म्हणून पोरें ती फेकून देतात. सांच्यांतल्या कादंबऱ्यांची ह्याहून चांगली थट्टा आमच्या पाहण्यांत नाहीं.

म्हणून आम्ही म्हणतों कीं माइकला स्वतःचा शोध लागत नाहीं, त्याला लोकांचा शोध लागतो. माणसें वाईट असतात असें आईबापांनीं, शिक्षकांनीं आणि दूरचित्रवाणीनें त्याला शिकविलेलें. आणि जीं भेटलीं तीं बहुतेक तशीं नव्हतीं, ह्याचें त्याला नवल वाटतें. परक्या माणसाला त्याच्याकडून घराची अब्रू राखून घ्यावयाची नसते.

असें पुस्तक घरांतल्या मुलांच्या हातीं द्यावें काय, असा प्रश्न पालक विचारतील. चोरी, परवान्याविना मोटार हांकणें, अपशब्द, सगळें ह्यांत आहे. परंतु लेखकानें परिणाम झांकलेले नाहींत. कथेचा आरंभच पोलीसचौकींत, रक्तानें आणि भीतीनें ओल्या झालेल्या मुलापासून होतो. आमचा आक्षेप निराळा आहे. इतकीं भलीं माणसें एकामागून एक भेटावीं हा योग फार जुळवून आणलेला वाटतो. आणि इझा ही सर्वांत जिवंत व्यक्ति, तिलाच लेखक लौकर एका बसमध्यें बसवून वाटेला लावतो. तिच्या बाजूची कादंबरी त्यानें पुढें लिहावयास घेतली होती. ती अपुरीच राहून २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. २०१० च्या आरंभीं हेर्नडोर्फ ह्यांस मेंदूंतील असाध्य गांठीचें निदान झालें, त्याच वर्षीं ‘चिक’ बाहेर पडली, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्यें ते वारले. डोंगरावर हीं तिन्ही मुलें शंभर वर्षांपूर्वींचें एक कोरलेलें नांव पाहतात, आपलीं आद्याक्षरें कोरतात, आणि पन्नास वर्षांनीं येथेंच भेटावयाचें ठरवितात. त्या प्रकरणांत रडवें वाक्य एकही नाहीं.

प्रवासानंतर खटला उभा राहतो. सगळा दोष त्या रशियन पोरावर टाक, असें बाप बजावतो, आणि मुलगा ऐकत नाहीं म्हणून त्याला मारतो. न्यायालयांत माइक जें झालें तेंच सांगतो. निबंधाच्या तासाला जें त्यानें भाबडेपणानें केलें, तें येथें किंमत जाणून केलें.

बालपणीं आवडलेलीं पुस्तकें पुन्हां वाचतांना तीन गोष्टी सर्वांत आढळल्या, असें हेर्नडोर्फ ह्यांनीं सांगितलें आहे: वडील माणसें लौकर दूर होणें, मोठा प्रवास, आणि मोठें पाणी. हकल्बरी फिनला मिसिसिपी होती. येथें नदीच्या जागीं सडक आली आहे. परंतु पाणी अगदींच सुटलेलें नाहीं. बाप घर सोडून गेल्यावर आई घरांतलें सामान एकेक करून हौदांत फेकूं लागते, आणि माइकही तिला हातभार लावतो. शेजाऱ्यांची ओरड होते, पोलीस येतात. तेव्हां मायलेक हौदाच्या तळाशीं श्वास रोखून बसलेलीं असतात, आणि पोलीस वरून वांकून पाण्यांत पाहत असतात.